फॉर्म्युला वनच्या गाड्या गप्प का झाल्या? इंजिन हुशार झालं आणि आवाज गेला, त्याची गोष्ट

तारीख होती १६ मार्च २०१४. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये फॉर्म्युला वनच्या नव्या हंगामाची पहिली शर्यत होती. प्रेक्षक दरवर्षीसारखे कानात घालायचे बोळे घेऊन आले होते. गाड्या सुटल्या, पहिल्या वळणावर गेल्या, आणि बऱ्याच जणांच्या लक्षात आलं की बोळ्यांची आज गरजच नाही. कालपर्यंत पोटात कळ उठवणारी ती किंचाळी गायब होती. तिच्या जागी घोगरा, दबका घरघराट ऐकू येत होता.

शर्यत संपली तशी तक्रारींची रांग लागली. मेलबर्नच्या आयोजकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. लोक आवाज ऐकायला पैसे मोजतात, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा या खेळाचे सर्वेसर्वा असलेले बर्नी एक्लस्टोन आधीपासूनच या इंजिनांवर चिडलेले होते. पण सगळ्यात जास्त गाजली ती सेबॅस्टियन वेटेलची प्रतिक्रिया. हा तोच वेटेल, ज्याने ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेल्या २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही इंडियन ग्रांप्री जिंकल्या होत्या. सलग चार वेळा जगज्जेता झालेल्या या गड्याने नव्या आवाजाला सरळ शिवी हासडली. बॅटऱ्या मोबाईलमध्ये असाव्यात, रेसिंग कारमध्ये नकोत, असा त्याचा सूर होता.

आता गंमत बघा. ज्या इंजिनाला सगळे नावं ठेवत होते, ते तोपर्यंत फॉर्म्युला वनमध्ये आलेलं सगळ्यात कार्यक्षम इंजिन होतं. मग एवढ्या हुशार इंजिनाचा आवाज असा का? आणि इंजिन भारी असेल तर लोकांना त्या जुन्या किंचाळीची एवढी आठवण का येते?

इंजिनाचा आवाज येतो कुठून?

सुरुवात आपल्या बुलेटपासून करू. बुलेटमध्ये एकच सिलिंडर असतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण त्यात पेटतं, पिस्टन ढकलला जातो आणि जळालेला वायू जोरात सायलेन्सरकडे पळतो. वायूचा हा प्रत्येक धक्का म्हणजे एक ‘डुग’. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. उभ्या बुलेटचं इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्या घेतंय असं धरलं, तर सेकंदाला साडेसात धक्के बसतात. एवढे कमी धक्के कानाला सुटे सुटे ऐकू येतात, म्हणून डुग-डुग-डुग.

हेच धक्के सेकंदाला शेकड्यांनी यायला लागले की कान ते मोजू शकत नाही. ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा एक सूर बनतो. धक्के जितके जास्त, तितका सूर वरचा.

आता हेच गणित फॉर्म्युला वनला लावू. २००५ पर्यंत तिथे १० सिलिंडरची, म्हणजे व्ही१० इंजिनं होती. ती मिनिटाला १९ हजार फेऱ्यांपर्यंत जायची. म्हणजे सेकंदाला साधारण ३१७ फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत ५ स्फोट. सेकंदाला झाले जवळपास १५८० धक्के. २०१३ पर्यंतच्या व्ही८ इंजिनाला १८ हजार फेऱ्यांची मर्यादा होती, तिथे हा आकडा १२०० येतो. आणि २०१४ चं व्ही६ इंजिन? ते प्रत्यक्ष शर्यतीत १२ हजार फेऱ्यांच्या आसपास चालायचं. सेकंदाला फक्त ६०० धक्के.

१२०० वरून थेट ६००. गाणं शिकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. धक्क्यांची संख्या निम्मी झाली की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो. तार सप्तकातली तान अचानक मध्य सप्तकात आणून ठेवावी, तसं एका हिवाळ्यात फॉर्म्युला वनचं झालं.

व्ही१० च्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. माणसाचा कान साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. व्ही१० चा मूळ सूर दीड हजारांच्या आसपास आणि त्याचा दुप्पट उपसूर तीन हजारांच्या आसपास. म्हणजे तो आवाज नेमका तिथे घुसायचा, जिथे कानाला सगळ्यात जास्त ऐकू येतं. अंगावर काटा यायचा, यात नवल नाही.

१९ हजार फेऱ्या आल्या कशा?

हा आवाज कुणी मुद्दाम बनवला नव्हता. तो ताकदीच्या शोधात आपसूक जन्माला आला.

१९८० च्या दशकात फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिनांचं राज्य होतं. १९८९ पासून टर्बोवर बंदी आली आणि ३.५ लिटरची साधी इंजिनं आली. साधी म्हणजे टर्बोशिवाय हवा ओढणारी. होंडा आणि रेनॉ यांनी व्ही१० आणलं, फेरारीने व्ही१२. १९९५ मध्ये इंजिनाचा आकार ३ लिटरवर आला आणि २००० पासून तर व्ही१० हीच अट झाली.

आता इंजिनाचा आकार बांधलेला, टर्बोला बंदी. मग ताकद वाढवायची कशी? उपाय एकच उरतो. इंजिन आणखी जोरात फिरवायचं, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त स्फोट.

पण इथे एक अडचण होती. इंजिनाचे व्हॉल्व्ह बंद करायला लोखंडी स्प्रिंग असतात. फेऱ्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की त्या स्प्रिंगना वेग झेपत नाही आणि व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत. रेनॉने १९८६ मध्ये यावर तोड काढली. स्प्रिंगच्या जागी त्यांनी दाबाखालचा वायू वापरला. पुढे सगळ्यांनीच ही युक्ती उचलली आणि फेऱ्यांची शर्यत सुरू झाली. २००६ मध्ये कॉसवर्थच्या व्ही८ ने तर २० हजारांचा टप्पा गाठला. नंतर खर्च आवरायला नियमांनी फेऱ्यांवर मर्यादा घातली. आधी १९ हजार, मग १८ हजार.

फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून उतरला, तेव्हा त्याच्या पाठीमागे टोयोटाचं व्ही१० होतं. व्ही१० चं ते शेवटचं भरभराटीचं वर्ष. भारतात शर्यत आली तोवर व्ही८ चा जमाना सुरू होता. आणि व्ही६ येण्याआधीच इंडियन ग्रांप्री बंद पडली. त्यामुळे नोएडाला जाऊन आलेल्या लोकांच्या कानात आजही किंचाळणारंच इंजिन आहे.

२०१४ मध्ये नेमकं काय बदललं?

नव्या नियमांनी तीन गोष्टी एकदम केल्या आणि तिन्हींनी आवाजावर घाव घातला.

पहिली गोष्ट, सिलिंडर कमी झाले. २.४ लिटरच्या व्ही८ जागी १.६ लिटरचं व्ही६ आलं.

दुसरी गोष्ट, पेट्रोलवर पहारा बसला. इंजिनाला तासाला १०० किलोपेक्षा जास्त वेगाने इंधन पाजायचं नाही, अशी अट आली. नियमांनी १५ हजार फेऱ्यांची परवानगी दिली होती, पण १०,५०० फेऱ्यांनंतर इंधनाचा वेग वाढतच नव्हता. म्हणजे त्यापुढे इंजिन कितीही पिळलं तरी नवं इंधन मिळणार नाही, उलट घर्षणात ताकद वाया जाणार. मग कोण कशाला पिळेल? ही अट किती कडक होती, ते मेलबर्नच्या त्या पहिल्याच शर्यतीत कळलं. ऑस्ट्रेलियाचा डॅनियल रिकार्डो घरच्या प्रेक्षकांसमोर दुसरा आला, पण इंधनाची मर्यादा ओलांडल्याचा ठपका आला आणि त्याचा निकाल रद्द झाला.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. टर्बो परत आला. जुन्या इंजिनात जळालेला गरम वायू नळीतून थेट बाहेर फेकला जायचा. टर्बोमध्ये या वायूच्या वाटेत एक चक्र असतं. वायू ते चक्र फिरवतो आणि ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. २०१४ मध्ये याच दांड्यावर एक जनरेटरही बसवला गेला, एमजीयू-एच नावाचा. तो उरलेल्या जोरातून वीज बनवायचा. वायूचा धक्का असा मधेच पिळून घेतला की बाहेर पडताना त्यात फारसा दम राहत नाही. थोडक्यात, टर्बो हा सायलेन्सरचंही काम करतो.

मग बदल्यात मिळालं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर पैशाचा हिशेब लावून बघा. १०० रुपयांचं पेट्रोल जाळलं, तर त्यातले किती रुपये गाडी पळवायला कामी येतात? जुन्या व्ही८ मध्ये साधारण ३० रुपये. बाकीचे ७० रुपये उष्णता होऊन हवेत. मर्सिडीजच्या २०१४ च्या इंजिनात हा आकडा ४४ वर गेला. आणि सप्टेंबर २०१७ मध्ये मर्सिडीजने जाहीर केलं की इंग्लंडमधल्या ब्रिक्सवर्थच्या कारखान्यात चाचणी यंत्रावर त्यांच्या इंजिनाने ५० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. म्हणजे जेवढं इंधन वाया जातंय, त्याहून जास्त कामी येतंय. पेट्रोल इंजिनाच्या इतिहासात ही मोठी उडी होती.

व्ही८ च्या काळात गाडी शर्यतीला निघताना साधारण १५० किलो इंधन घेऊन निघायची. २०१४ मध्ये तेवढ्याच, म्हणजे सुमारे ३०५ किलोमीटरच्या शर्यतीला १०० किलोची मर्यादा आली. तरी ताकद कमी झाली नाही. पुढच्या काही वर्षांत बॅटरीचा जोर धरून ही इंजिनं १००० हॉर्सपॉवरच्या घरात गेली. व्ही८ मध्ये हाच आकडा ७५० च्या आसपास होता.

इथे एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. जुन्या इंजिनाची सगळी ताकद ‘आवाजात’ वाया जात नव्हती. आवाजात जाणारी ऊर्जा अगदी नगण्य असते. वाया जायची ती उष्णता आणि वायूचा दाब. आवाज ही फक्त त्याची दवंडी होती.

आवाज परत आणायचा प्रयत्न झाला, पण…

तक्रारी इतक्या वाढल्या की मे २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या चाचणीत मर्सिडीजने गाडीच्या मागे चक्क भोंग्यासारखी नळी लावली. निको रोसबर्ग ती गाडी घेऊन फिरला. फोटो व्हायरल झाले, थट्टा झाली, आवाजात मात्र फारसा फरक पडला नाही. २०१६ पासून टर्बोचा जास्तीचा वायू वेगळ्या नळीने बाहेर सोडायचा नियम आला. त्याने आवाज थोडा वाढला, पण सूर तोच राहिला.

कारण साधं आहे. भोंगा लावून आवाज मोठा करता येतो, वरचा करता येत नाही. सूर ठरतो सिलिंडर आणि फेऱ्यांवर. आणि फेऱ्या वाढवायच्या तर इंधनाचा हिशेब सोडावा लागतो.

याचं आणखी एक उदाहरण फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत सापडतं. १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षं ही शर्यत फ्रान्सच्या मात्रा कंपनीने जिंकली. त्यांच्या व्ही१२ चा आवाज आजही जगातल्या सर्वोत्तम इंजिन-आवाजांमध्ये मोजला जातो. २००६ मध्ये हीच शर्यत ऑडी आर१० ने जिंकली. तेही व्ही१२ च, पण डिझेल, टर्बोवालं आणि ५ हजार फेऱ्यांच्या आसपास चालणारं. ले मान्स जिंकणारी ती पहिली डिझेल गाडी, आणि तिची ओळख काय, तर तिचा शांतपणा. दोन्हीकडे १२ सिलिंडर, दोन्ही विजेते. एकाच्या आवाजासाठी लोक अजून गर्दी करतात, दुसऱ्याचं नाव निघतं ते आकड्यांच्या गप्पांत.

पण यातून पर्यावरण किती वाचलं?

हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि उत्तर जरा अडचणीचं आहे.

फॉर्म्युला वनने २०१९ मध्ये स्वतःचाच हिशेब प्रसिद्ध केला. २०१८ या एका वर्षात या खेळाने २,५६,५५१ टन कार्बन डायऑक्साइड सोडला होता. त्यातला गाड्यांच्या इंजिनांचा वाटा किती? फक्त ०.७ टक्के. सगळ्यात मोठा वाटा, म्हणजे ४५ टक्के, होता सामानाच्या वाहतुकीचा. गाड्या, टायर, सुटे भाग विमानांतून, जहाजांतून, ट्रकमधून जगभर नेण्याचा.

म्हणजे ट्रॅकवरच्या गाड्या गप्प करून हवेतला कार्बन फारसा कमी झाला नाही. मग हा सगळा आटापिटा कशासाठी? खरं उत्तर आहे, कंपन्यांसाठी. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या या खेळात कोट्यवधी ओततात. रस्त्यावरच्या गाड्या हायब्रिड आणि इलेक्ट्रिक होत असताना १९ हजार फेऱ्यांच्या व्ही१० वर पैसा का घालवायचा, हे त्यांना आपल्या संचालकांना पटवून देता येत नाही. ऑडीने २०२२ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये यायचं ठरवलं, तेही २०२६ च्या नव्या हायब्रिड नियमांकडे बघूनच. त्यामुळे हा वाद ‘आवाज की पर्यावरण’ असा दिसतो, पण खरा पेच आहे तो खेळ प्रेक्षकांच्या कानासाठी खेळायचा की कंपन्यांच्या कारखान्यासाठी.

लोकांना हा आवाज एवढा का हवा असतो?

याचं उत्तर मराठी माणसाच्या तोंडातच आहे. आपल्याकडे मोटारसायकलचं नाव काय पडलं? फटफटी. चाकं, वेग, कंपनी, काहीही न बघता लोकांनी तिला आवाजावरून ओळखलं.

यंत्राच्या पोटात काय चाललंय, ते डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतं. गियर कधी पडला, ड्रायव्हरने कुठे पाय सोडला, कोण घाबरला, कोण नाही, हे व्ही१० च्या काळात प्रेक्षक डोळे मिटून सांगायचे. आवाज म्हणजे त्यांच्यासाठी चालू कॉमेंट्री होती.

आणि ही हळहळ फक्त परदेशातली नाही. यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोक इंजिनं बाजूला पडली. धूर ओकणारी, इंधन अर्धवट जाळणारी ती गाडी आजही लोक जपतात, ते तिच्या आवाजासाठी. बुलेटचं जुनं कास्ट आयर्न इंजिन जाऊन नवं आलं, तेव्हाही ‘आता ती डुगडुग राहिली नाही’ हीच तक्रार होती.

अर्थात दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बुलेटला फटाके फोडणारी पुंगळी लावून रात्री गल्लीतून जाणाऱ्याला जी मजा येते, ती झोपेतून दचकून उठणाऱ्या बाळाला येत नाही. म्हणूनच राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असल्या पुंगळ्यांवर रोड रोलर फिरवला. शर्यतीच्या मैदानातही शांततेचे काही फायदे झाले. टायर घासल्याचा आवाज, गर्दीचा जल्लोष ऐकू यायला लागला. लहान मुलांना घेऊन जाणं सोपं झालं. आणि नव्या पिढीचे असंख्य फॅन्स तर याच ‘गप्प’ काळात आले, नेटफ्लिक्सवरची मालिका आणि मोबाईलवरच्या क्लिप बघून. व्ही१० त्यांनी प्रत्यक्ष कधी ऐकलेलंच नाही.

आता पुढे काय?

२०२६ चे नियम आले, त्यात तो एमजीयू-एच जनरेटर काढून टाकला. इलेक्ट्रिक मोटरची ताकद १२० किलोवॉटवरून ३५० वर नेली, म्हणजे जवळपास निम्मा जोर विजेचा. सोबत अट आली की इंधन पूर्णपणे शाश्वत स्रोतांतलं हवं, जमिनीतून काढलेलं खनिज तेल नको.

याच इंधनामुळे जुन्या वादाला नवं तोंड फुटलं. इंधनच स्वच्छ असेल तर व्ही१० परत का आणू नये? फेब्रुवारी २०२५ मध्ये या खेळाची जागतिक संघटना असलेल्या एफआयएचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम यांनी हा विषय उघडपणे मांडला. हायब्रिडवर पैसा लावून बसलेल्या कंपन्यांना तो सहज पचणारा नव्हता. पुढे चर्चा व्ही१० वरून व्ही८ कडे वळली.

यातलं गणित मात्र सोपं नाही. शाश्वत इंधन बनवायलाही भरपूर ऊर्जा आणि पैसा लागतो. ते इंधन ३० टक्के कामी आणणाऱ्या इंजिनात ओतायचं की ५० टक्केवाल्या, हा प्रश्न उरतोच. पण वर्षाला मोजक्याच शर्यती आणि एकूण उत्सर्जनात इंजिनांचा वाटा ०.७ टक्के असेल, तर तेवढी उधळपट्टी लोकांच्या आनंदासाठी परवडते, असंही कुणी म्हणू शकतं. दोन्ही बाजूंकडे आकडे आहेत.

आणि हो, बॅटऱ्या मोबाईलमध्येच ठेवा म्हणणाऱ्या त्या वेटेलचं पुढे काय झालं? काळ गेला तसा तो पर्यावरणाबद्दल उघडपणे बोलणारा ड्रायव्हर झाला. जुलै २०२२ मध्ये सिल्वरस्टोनला त्याने स्वतःच्या मालकीची विल्यम्स एफडब्ल्यू१४बी ट्रॅकवर आणली. १९९२ मध्ये नायजेल मॅन्सेलला जगज्जेता बनवणारी ही गाडी, रेनॉच्या ३.५ लिटर व्ही१० ची. टाकीत होतं कार्बन-न्यूट्रल इंधन. गाडी सुटली आणि स्टँडमधले लोक उभे राहिले.